खालच्या संघांची वाट मोकळी करा : व्हॉलीबॉल आणि कर्लिंगच्या जागतिक महासंघांना खुले पत्र

प्रति,
पदाधिकारी आणि स्पर्धा समित्यांचे सदस्य,
आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघ (एफआयव्हीबी) आणि वर्ल्ड कर्लिंग

विषय : क्रमवारीत खाली असलेल्या राष्ट्रीय संघांना वरच्या स्पर्धांत येण्याची रास्त संधी मिळण्याबाबत

सन्माननीय पदाधिकारी,

आघाडीच्या राष्ट्रीय संघांच्या व्हॉलीबॉल नेशन्स लीगमध्ये बाहेरच्या संघांना प्रवेश मिळवून देणारी चॅलेंजर कप ही स्पर्धा 2024 नंतर बंद करण्यात आली. 2025 पासून लीगमध्ये 16 ऐवजी 18 संघ आहेत. तळाचा संघ बाहेर जातो आणि बाहेरच्या संघांपैकी जागतिक क्रमवारीत जो सर्वांत वर असेल तो आत येतो. खर्च वाचला, वेळापत्रक सुटसुटीत झालं, हे आम्हाला कळतं. पण मैदानावर समोरच्याला हरवून वरची जागा मिळवायची, ही सोय त्याबरोबर गेली. हा निर्णय आम्हाला निमूटपणे मान्य करता येत नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहोत.

दोन महासंघांना एकच पत्र का, असा प्रश्न पडेल. व्हॉलीबॉल दोनशेहून अधिक देशांत खेळला जातो. मोकळी जागा, नेट आणि चेंडू एवढ्यावर खेळ सुरू होतो. तिथे वर जाण्याची वाट अरुंद होत चालली आहे. कर्लिंगचं, म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवत लक्ष्यवर्तुळात थांबवण्याच्या खेळाचं, उलट आहे. तिथे खालच्या विभागातून वरच्या विभागात जाण्याची वाट शाबूत आहे, पण त्या वाटेवर पहिलं पाऊल टाकायला लागणारा बर्फच बहुतेक देशांकडे नाही. एकाकडे जे आहे ते दुसऱ्याकडे नाही, आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं तर दोन्हीकडचे निम्मे प्रश्न सुटतील असं आमचं ठाम मत आहे.

आम्ही या दोन खेळांतले प्रशिक्षक, पंच, आकडेवारी ठेवणारे आणि बर्फ तयार करणारे लोक आहोत. सोळा-सतरा वर्षांचा एखादा खेळाडू राष्ट्रीय शिबिरात येतो तेव्हा त्याला पहिल्यांदा हेच विचारायचं असतं, की आम्ही जिंकत राहिलो तर कुठपर्यंत पोहोचू? त्याला खरं उत्तर देता यावं, एवढाच आमचा यात स्वार्थ आहे.

आधी व्हॉलीबॉल.

जागतिक क्रमवारीची 2020 पासूनची पद्धत मुळात चांगली आहे. प्रत्येक सामन्यानंतर गुण बदलतात. सामना 3-0, 3-1 की 3-2 असा सुटला, दोन संघांच्या गुणांत आधी किती अंतर होतं आणि स्पर्धा किती महत्त्वाची, या तीन गोष्टींवर हिशेब होतो. जिंकणाऱ्याला जेवढे गुण मिळतात तेवढेच हरणाऱ्याचे जातात. स्पर्धेचं वजन ऑलिंपिकला 50, जागतिक अजिंक्यपद स्पर्धेला 45 आणि नेशन्स लीगला 40 असं धरलेलं आहे. अडचण इथूनच सुरू होते. लीगमधल्या प्रत्येक संघाला साखळीत 12 सामने नक्की मिळतात, आणि ते सगळे 40 वजनाचे. त्यात जे गुण फिरतात ते त्या 18 संघांतच फिरतात. आतला एक संघ हरला की त्याचे गुण आतल्याच दुसऱ्या संघाकडे जातात. बाहेरचे संघ हलक्या वजनाच्या प्रादेशिक स्पर्धांत एकमेकांचे थोडेथोडे गुण इकडून तिकडे करत राहतात. वरच्यांचे गुण घ्यायचे तर वरच्यांशी सामना हवा, आणि तो तर बहुतेक लीगच्या आतच होतो. अशा क्रमवारीवरून आत कोण येणार हे ठरवायचं म्हणजे परीक्षेला बसू न देता गुणपत्रिका मागण्यासारखं आहे.

याचा परिणाम लीगपुरता राहत नाही. पॅरिस ऑलिंपिकच्या 12 जागांपैकी एक यजमानांची होती, 6 पात्रता स्पर्धांतून भरल्या गेल्या आणि उरलेल्या 5 क्रमवारीवरून. क्रमवारीचा हा आकडा 2024 च्या लीगची साखळी संपल्यावरचा होता. म्हणजे आत असलेल्यांना शेवटच्या क्षणापर्यंत गुण कमावता आले, आणि बाहेरच्यांनी ते नुसते पाहिले.

चॅलेंजर कपने काय साधलं हे पाहायचं असेल तर स्लोव्हेनियाचा पुरुष संघ पाहा. देशाची लोकसंख्या वीस लाखांच्या थोडी वर. 2015 मध्ये हा संघ युरोपियन अजिंक्यपदात दुसरा आला, तरी 2018 मध्ये नेशन्स लीग सुरू झाली तेव्हा तो बाहेरच होता. 2019 मध्ये त्यांनी चॅलेंजर कप जिंकला. 2020 ची लीग साथीमुळे झाली नाही. 2021 मध्ये ते लीगमध्ये चौथे आले, 2022 मध्ये जागतिक अजिंक्यपदात चौथे, आणि 2024 च्या लीगमध्ये साखळीत पहिले येऊन पहिल्यांदा ऑलिंपिकला गेले. युरोपचा उपविजेता संघ दाराबाहेर उभा होता आणि एक स्पर्धा जिंकल्यावर त्याला आत घेतलं गेलं, इतका हा सरळ व्यवहार होता.

आता बाहेर कुणी तसं उरलेलं नाही असं म्हणाल, तर 2025 चं जागतिक अजिंक्यपदच पाहा. त्या वर्षी चेकियाचा पुरुष संघ लीगमध्ये नव्हता. फिलिपिन्समध्ये झालेल्या स्पर्धेत तो चौथा आला. फिनलंडही लीगमध्ये नव्हता. त्याने ऑलिंपिक विजेत्या फ्रान्सला गटात 3-2 हरवलं, आणि फ्रान्स गटातूनच परत गेला. जागतिक स्पर्धा 32 संघांची केली आणि दर दोन वर्षांनी घ्यायचं ठरवलं, या निर्णयाबद्दल आम्ही मनापासून आभार मानतो. त्यामुळेच हे निकाल जगाला दिसले. पण या स्पर्धेत चार-चारच्या आठ गटांतून प्रत्येकी दोन संघ पुढे जातात. उरलेल्या 16 संघांना तीन सामने मिळतात, मग पुन्हा दोन वर्षं थांबा. तीन सामन्यांवर कुठलाही संघ घडत नाही.

आमची दुसरी तक्रार सरावाच्या परिस्थितीबद्दल आहे. ती फारशी कुणी मांडत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नियमाप्रमाणे कोर्टाभोवती किमान 3 मीटर मोकळी जागा आणि वर 7 मीटर उंची पुरते. आपल्या मोठ्या स्पर्धांत मात्र बाजूला 5 मीटर, मागे साडेसहा मीटर आणि वर साडेबारा मीटर जागा असते. ज्या संघाचा सगळा सराव तीन मीटरच्या हॉलमध्ये झाला आहे, त्याच्या जंप सर्व्हिस करणाऱ्या खेळाडूला पूर्ण रनअप घ्यायची सवयच नसते. चेंडू वर फेकताना छताचा अंदाज घेऊन तो टॉस बुटका ठेवतो. मोठ्या हॉलमध्ये आल्यावर छत लांब जातं, भिंती लांब जातात, आणि त्याचा टॉस पुढे किंवा मागे पडू लागतो. बचावातही तेच. ब्लॉकला लागून मागे उडालेला चेंडू घरच्या हॉलमध्ये भिंतीला लागून मेलेला असतो, त्यामुळे लिबेरो (फक्त बचावासाठी असलेला खेळाडू) त्याच्यामागे धावायला शिकलेलाच नसतो. इथे मात्र तो चेंडू चालू असतो. पहिल्या सामन्याच्या पहिल्या सेटमध्ये असे चार-पाच गुण जातात, आणि 25 गुणांच्या सेटमध्ये तेवढ्यावर निकाल लागतो.

चेंडूचंही तसंच. स्पर्धेचा चेंडू 18 पट्ट्यांचा, बारीक खळग्यांच्या पृष्ठभागाचा, आतला दाब 0.30 ते 0.325 किलो प्रति चौरस सेंटिमीटर. दाब थोडा वर गेला की फ्लोट (फिरकी न देता मारलेली) सर्व्हिस वेगळी डुलते आणि पासही हातावरून जास्त उसळतो. सरावाला हाती येतील ते वेगवेगळ्या बनावटीचे, जुने, हाताने दाबून 'ठीक आहे' म्हणत भरलेले चेंडू असले की सर्व्हिस घेणाऱ्याचे हात चुकीचं शिकतात. दाब मोजायचा साधा गेजही अनेक राष्ट्रीय शिबिरांत नसतो. ही फार खर्चाची बाब नाही.

व्हिडिओ चॅलेंजचा मुद्दा याहून महत्त्वाचा. पंचाचा निर्णय व्हिडिओवर तपासून घेण्याचे हे चॅलेंज प्रत्येक सेटमध्ये दोन फसेपर्यंत मागता येतात. ते कधी मागायचं हे एक कौशल्य आहे. बोटाला चेंडू पुसटसा लागला आहे का, नेटला स्पर्श कुणाचा झाला, सर्व्हिस करणाऱ्याचा पाय रेषेवर पडला का, हे बाकावरून ओळखणं, खेळाडूंनी प्रामाणिकपणे खूण करणं आणि प्रशिक्षकाने काही सेकंदांत ठरवणं. खालच्या प्रादेशिक स्पर्धांत ही यंत्रणा बहुधा नसतेच. मग हे संघ जागतिक स्पर्धेत आल्यावर पहिल्या दहा गुणांत रागाच्या भरात दोन्ही चॅलेंज घालवतात आणि 23-23 ला हात बांधून उभे राहतात. हा दोष खेळाडूंचा नाही, त्यांना तो सराव कुणी दिलाच नाही.

वेळापत्रकाबद्दल थोडक्यात. क्लबचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे, मग जूनपासून लीग, मग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जागतिक स्पर्धा. मोठ्या देशांकडे खेळाडूंचे दोन-दोन संच आहेत, ते आलटून पालटून खेळवतात. लहान देशाचा एकच सेटर (स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारा) असतो आणि तोही परदेशी क्लबकडे. क्लबने त्याला वेळेवर सोडलं नाही तर शिबिर सेटरशिवाय चालतं, म्हणजे चालतच नाही.

आता कर्लिंग.

युरोपमध्ये अ विभागात 10 संघ, त्याखाली ब आणि क. युरोपबाहेरच्या देशांसाठी 2022 पासून पॅन कॉन्टिनेंटल स्पर्धा, तिथेही अ आणि ब. 2025 ची जागतिक स्पर्धा युरोपातून 8 आणि पॅन कॉन्टिनेंटलमधून 5 अशा 13 संघांची होती. आज सगळ्यात खाली असलेल्या संघाला कुठल्या सामन्यानंतर कुठे पोहोचता येईल हे कागदावर मांडून दाखवता येतं. व्हॉलीबॉलने हे उचलावं. वर्ल्ड कर्लिंगने ते कुठल्याही कारणाने मोडू नये, ही आमची पहिली विनंती.

2025 च्या फेब्रुवारीत हार्बिनच्या आशियाई हिवाळी स्पर्धेत फिलिपिन्सच्या पुरुष संघाने दक्षिण कोरियाला अंतिम सामन्यात हरवून सुवर्ण मिळवलं. हिवाळी आशियाई स्पर्धांत आग्नेय आशियाला मिळालेलं ते पहिलं सुवर्ण. या यशाचा आनंद आम्हालाही आहे. पण त्यातले बहुतेक खेळाडू स्वित्झर्लंडमध्ये राहून, तिथल्या बर्फावर तयार झालेले आहेत हेही बघायला हवं. घरचा बर्फ नसलेल्या देशाला आज वर येण्याचा हाच मार्ग उरतो, की परदेशात वाढलेले आपले खेळाडू शोधायचे. देशात राहणाऱ्या मुलांचं काय, याचं उत्तर त्यात नाही.

स्केटिंगच्या बर्फावर सराव करा, असं सहज सुचवलं जातं. तसं केल्यावर नेमकं काय होतं ते सांगतो.

कर्लिंगचा बर्फ सपाट लागतो, अगदी काटेकोर सपाट. पृष्ठभाग उणे 5 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात. पाणी क्षार काढलेलं असतं, कारण क्षार राहिले की बर्फ मऊ आणि ओढ लावणारा होतो. पाण्याचे पातळ थर देत, मधे खरवडत तो समतल करायला दिवस जातात. मग त्यावर कोमट पाण्याचे बारीक थेंब शिंपडून पेबल तयार करतात आणि पात्याने त्याची टोकं कापतात. दगड या टोकांवरून जातो. दगडाचा तळ खोलगट असतो, बर्फाला टेकते ती फक्त काही मिलिमीटर रुंदीची कडी. पेबल नीट असेल तरच ती कडी बर्फाला धरते आणि दगड वळतो.

स्केटिंग रिंकवर बर्फ मधे फुगलेला किंवा कडेला उतरलेला असतो. स्केटच्या पात्यांच्या चरा असतात. रिंक रात्री दोन-तीन तास भाड्याने मिळते, तेवढ्यात पेबल टाकता येतं, पण बर्फ समतल करता येत नाही. दगड थेट रिंकवर आणले असतील तर ते आधी थंड झालेले नसतात आणि पेबल वितळवत जातात. अशा बर्फावर दगड उताराकडे घसरतो. फिरकी घड्याळाच्या दिशेने दिली काय नि उलट दिली काय, तो एकाच बाजूला जातो. स्किप, म्हणजे संघनायक, नेम दाखवायला ब्रश कुठे धरायचा हे अंदाजाने ठरवतो, आणि तो अंदाज दुसऱ्या कुठल्याही बर्फावर उपयोगाचा नसतो.

वेगाचंही बघा. स्पर्धेच्या बर्फावर ड्रॉचा, म्हणजे हाउसमध्ये (लक्ष्यवर्तुळात) थांबवायचा, दगड एका टोकाकडच्या हॉग लाइन या आडव्या रेषेपासून दुसऱ्या टोकाकडच्या रेषेपर्यंत 14 ते 15 सेकंदांत जातो. बर्फ निसरडा असल्याने हळू सोडलेला दगडही हाउसपर्यंत पोहोचतो. जड बर्फावर तोच दगड पोहोचवायला जोरात सोडावा लागतो आणि ते अंतर तो 12 सेकंदांच्या आसपास कापतो. या दोन-तीन सेकंदांच्या फरकासाठी पायाचा रेटा वेगळा, सोडण्याची लय वेगळी, स्वीप करणाऱ्यांची (दगडापुढचा बर्फ ब्रशने घासणाऱ्यांची) हाक वेगळी. जड बर्फावर घडलेला संघ चांगल्या बर्फावर आला की पहिले दोन दिवस त्यांचे ड्रॉ हाउसच्या मागून बाहेर जातात. ब विभागाची साखळी छोटी असते, दोन दिवसांत निम्मे सामने संपलेले असतात.

दगडांबद्दल वेगळं सांगायला नको. एका शीटला (खेळाच्या बर्फाच्या पट्टीला) 16 दगड, प्रत्येकी 17.24 ते 19.96 किलो. म्हणजे एका संचाचं वजन पावणेतीनशे ते तीनशे वीस किलो. ते नुसते पाठवून भागत नाही. कडी झिजली की ती पुन्हा खरखरीत करायला लागते, आणि ते कसं, किती करायचं हे शिकवलेला माणूस तिथे लागतो. चुकीच्या हातांनी संचातले दोन दगड इतरांपेक्षा जास्त वळू लागले की तो संच सरावाला निकामी झाला म्हणायचा.

कर्लिंगमधली आमची दुसरी तक्रार बरोबरी सोडवण्याच्या पद्धतीबद्दल आहे. साखळीत बरोबरी झाली की आधी आपापसांतले निकाल पाहतात. त्यावरही सुटलं नाही तर ड्रॉ शॉट चॅलेंज. प्रत्येक सामन्याआधी संघाचे दोन खेळाडू हाउसच्या मध्यावर एकेक दगड सोडतात, एक घड्याळाच्या दिशेने आणि एक उलट. मध्यापासूनचं अंतर मोजतात, दगड हाउसबाहेर राहिला तर 199.6 सेंटिमीटर धरतात. या अंतरांवरून त्या सामन्याच्या पहिल्या डावात शेवटचा दगड टाकण्याबाबतची निवड कुणाकडे ते ठरतं. एवढ्यापुरती ही पद्धत उत्तम आहे. पण याच अंतरांची सरासरी काढून स्पर्धेत पुढे कोण जाणार हेही ठरवलं जातं, आणि ते आम्हाला पटत नाही. 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये महिलांत ब्रिटन, जपान आणि कॅनडा तिघेही 5-4 वर होते आणि आपापसांतही बरोबरीत होते. सरासरीवर ब्रिटन आणि जपान पुढे गेले, कॅनडा बाहेर. पुढे गेलेल्या दोघांनीच सुवर्ण आणि रौप्य घेतलं. कोण बाहेर पडायला हवं होतं असं आम्ही म्हणत नाही. तिन्ही संघ इतके तुल्यबळ असताना निकाल प्रतिस्पर्ध्याशिवाय सोडलेल्या दगडांवर का लावला, हा आमचा प्रश्न आहे. आणि ज्यांना वर्षभर चांगला बर्फ मिळत नाही त्यांची सगळ्यात कच्ची बाजू नेमकी हीच असते : नव्या बर्फावर, काही मिनिटांच्या सरावानंतर, दगडाच्या वेगाचा अचूक अंदाज.

बरोबरीच्या सामन्यांना वेळ नाही, असं उत्तर मिळतं. साखळीनंतर एक सत्र मोकळं ठेवलं तर चार-पाच शीटवर सगळे बरोबरीचे सामने एकाच वेळी होतात. एका संघाला विचाराची 38 मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या आत सत्र संपतं. गरज पडली नाही तर खेळाडूंना अर्धा दिवस विश्रांती मिळेल.

आमच्या मागण्या अशा आहेत.

एफआयव्हीबीने नेशन्स लीगच्या बाहेरच्या संघांसाठी पात्रता स्पर्धा पुन्हा सुरू करावी. चॅलेंजर कपच्याच रूपात हवी असा आग्रह नाही. पाचही खंडांतून संघ यावेत, आणि विजेत्याला पुढच्या वर्षीच्या लीगमध्ये जागा मिळावी, मग त्याची क्रमवारी काहीही असो. क्रमवारीवरून एक आणि मैदानावरून एक असे दोन संघ आत घेतले तरी आम्हाला चालेल. हे होईपर्यंत, जागतिक स्पर्धेत पहिल्या आठांत येणाऱ्या बाहेरच्या संघाला लीगमध्ये थेट प्रवेश द्यावा.

जागतिक स्पर्धेच्या गटातून बाहेर पडणाऱ्या 16 संघांसाठी त्याच हॉलमध्ये, त्याच आठवड्यात क्रमांकाचे निदान दोन सामने ठेवावेत. संघ आलेले असतात, पंच आलेले असतात, चॅलेंजची यंत्रणा बसवलेली असते. 17 व्या जागेसाठी खेळलेला सामनाही पुढच्या वेळी उपयोगी पडतो.

प्रादेशिक स्पर्धांच्या निदान उपांत्य आणि अंतिम सामन्यांत चॅलेंजची यंत्रणा द्यावी, आणि पात्र ठरलेल्या प्रत्येक संघाला स्पर्धेच्या चेंडूंचे पुरेसे संच व दाब मोजायचा गेज तीन महिने आधी पोहोचवावा. क्लबने खेळाडू सोडण्याची तारीख सगळ्यांसाठी एकच असावी, ती लेखी असावी आणि मोडली तर क्लबला दंड असावा.

वर्ल्ड कर्लिंगने प्रत्येक प्रदेशात निदान एक सामायिक बर्फ उभा करावा, जिथे आसपासच्या देशांचे संघ सलग दोन आठवडे शिबिर घेऊ शकतील. दगड त्या जागी कायमचे असावेत आणि वर्षातून एकदा तज्ज्ञाने येऊन ते तपासावेत. त्याच भेटीत स्थानिक लोकांना पेबल टाकणं, पातं फिरवणं आणि कडी दुरुस्त करणं शिकवावं. दगड वाटण्यापेक्षा माणसं शिकवण्यावर आधी खर्च व्हावा असं आमचं मत आहे.

ब विभागाच्या स्पर्धेआधी स्वतःचा बर्फ नसलेल्या संघांना स्पर्धेच्याच शीटवर किमान दोन दिवस जादा सराव मिळावा. चढ-उतार, जागतिक स्पर्धेतला प्रवेश आणि ऑलिंपिकमधली जागा ठरवणारी कुठलीही बरोबरी सामना खेळवून सोडवावी. ड्रॉ शॉट चॅलेंज मानांकनापुरतं आणि शेवटच्या दगडापुरतं ठेवावं.

दोन्ही महासंघांनी खालच्या विभागांतल्या प्रत्येक सामन्याचं चित्रण आणि पूर्ण आकडेवारी सगळ्यांसाठी खुली करावी. भारी कॅमेरे नकोत. व्हॉलीबॉलला कोर्टाच्या मागून उंचावर एक आणि कर्लिंगला प्रत्येक हाउसवर एक, एवढं पुरतं.

यातल्या कुठल्या मागण्या मान्य आहेत, कुठल्या नाहीत आणि का, याचं लेखी व जाहीर उत्तर पुढच्या हंगामाचं वेळापत्रक पक्कं होण्याआधी मिळावं. बर्फाचा, हॉलचा किंवा स्पर्धेच्या आखणीचा तपशील हवा असल्यास तो मांडून द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
दोन्ही खेळांतले काही प्रशिक्षक, पंच, आकडेवारी ठेवणारे आणि बर्फ तयार करणारे